आखूड तारेचा ढोल

एका जंगलात एक पेटी राहत होती, मुलांनो.

जंगलात प्राणी राहतात, पेटी कशी राहील, असं तुम्ही विचाराल. पण त्या जंगलात राहत होती. तिच्यावर पळसाच्या पानांचं छप्पर होतं. सशांच्या बिळात पाणी शिरलं की ससे तक्रार घेऊन येत. मग त्यांना सांगण्यात येई की आधी पेटीचं छप्पर होऊ द्या, मग तुमचं बघू.

पेटी शहरातून आणली होती साळिंदररावांनी. तरुणपणी ते शहरात गेले आणि एका प्रयोगशाळेच्या मागच्या झुडपात राहिले. परत आले ते जंगलातले पहिले इंजिनिअर होऊनच. त्यांच्या काट्यांना नेहमी तारांची टोकं अडकलेली असत. कुणी भेटलं की ते ‘काय सिग्नल?’ असं विचारत. उत्तर काय द्यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्यांच्याविषयी आदर वाढला.

पेटी मात्र खरोखर गुणी होती. तिला आठ कान होते आणि दोन तोंडं. कान म्हणजे लांब-आखूड तारा. एक कान ओढ्यात बुडवला होता, त्यातून पाणी किती गार आहे ते कळे. एक चिंचेच्या फांदीला बांधला होता, त्यातून फांदीवर किती वजनाची माकडं बसली आहेत ते कळे. हे कळून काय करायचं, ते अजून ठरायचं होतं. तोंडांचं काम उलटं. पेटी तोंडातून सांगे तसं बाहेर घडे. तोंडाला दिवा जोडला की दिवा लागे, घंटा जोडली की घंटा वाजे.

“म्हणजे ऐकते पण हीच आणि बोलते पण हीच?” राणी अस्वलीण एकदा म्हणाली.

“एकाच वेळी, राणीसाहेब.”

“आमच्या वन्संसारखी.”

तर आता राजाविषयी सांगतो. पूर्वी या जंगलात वाघ राज्य करत असे. पुढे त्याची अभयारण्यात बदली झाली. तिथे तळं बांधून मिळतं आणि रोज फोटो काढायला लोक येतात. वाघ गेला तो मागे वळून न बघता गेला. मग नवा राजा निवडायला सभा भरली. सभेत अस्वल झोपलं होतं. सगळ्यांना विचारलं, सगळे नाही म्हणाले. अस्वल काहीच म्हणालं नाही. म्हणून ते राजा झालं.

आणि प्रधान म्हणून घोरपडबाईंना नेमलं, कारण एकदा धरलं की सोडायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा लौकिक होता.

अस्वलमहाराजांनी राज्य चांगलं केलं. म्हणजे फारसं केलं नाही. ते मध खात, उन्हात पाठ शेकत, आणि कुणी भांडण घेऊन आलं तर इतका वेळ ऐकत की भांडणारे कंटाळून एकत्रच घरी जात. पण म्हातारपणी त्यांचं हृदय थकलं. ठोका चुकू लागला. जंगलात अफवा उठू लागल्या. सकाळी कुणीतरी म्हणे, महाराज गेले. दुपारपर्यंत दोन-तीन नवे राजे ठरत. संध्याकाळी महाराज ओढ्यावर पाणी प्यायला येत, आणि ठरलेल्या राजांची पंचाईत होई.

घोरपडबाईंनी साळिंदररावांना बोलावलं.

“महाराज आहेत, हे जंगलाला क्षणोक्षणी कळलं पाहिजे. तुमच्या पेटीला जमेल?”

“एक कान महाराजांच्या छातीवर, एक तोंड ढोलाला,” साळिंदरराव म्हणाले. “आत एक ठोका पडला की बाहेर एक ठोका. सोपं आहे.”

पेटी महाराजांच्या गुहेत हलवली. मोठं पोकळ खोड आणलं. त्यावर कातडं ताणलं. कुणाचं ते विचारू नका, सभ्य जंगलात विचारत नाहीत. सांबराच्या पडलेल्या शिंगाची टिपरी केली. पेटीने इशारा दिला की टिपरी पडे, आणि ढोल वाजे.

ढोल गुहेबाहेर ठेवायचा होता. पण तार आखूड निघाली. ताणून ताणून ती महाराजांच्या उशापर्यंतच पोचली.

“हा इथे वाजणार?” राणीने विचारलं. “ह्यांच्या डोक्याशी?”

“तात्पुरता. लांब तार मागवली आहे.”

“कधी येईल?”

“मागवली आहे,” साळिंदरराव म्हणाले.

तात्पुरतं म्हणजे किती, मुलांनो, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

महाराजांनी तक्रार केली नाही. “वाजू दे गं,” ते राणीला म्हणाले. “मी आहे, एवढं तरी लोकांना कळेल. नाहीतर माझा दुसरा आवाज काय होतो?”

ढम्, ढम्, ढम्. जंगल ढोलाच्या तालावर चालू लागलं. हरणं तालावर रवंथ करू लागली. माकडं तालावर एकमेकांच्या उवा काढू लागली. कधी एखादा ठोका जास्तीचा पडे. मग घोरपडबाई म्हणत, महाराज आज खुशीत आहेत.

आणि कधी एखादा ठोका चुके. तो बहुतेक एकाच वेळी चुके. राणी मध आणायला डोंगरामागे जायची. यायला उशीर व्हायचा. ती गुहेच्या दारात दिसली की ढोल एक ठोका गाळे आणि मग दोन घाईघाईने टाके. खाली चिंचेवर माकडं एकमेकांकडे बघून म्हणत, “आल्या वाटतं राणीसाहेब.”

राणीला लाज वाटे. “सगळ्या जंगलाला ऐकू जातं,” ती म्हणे.

“मग लवकर यावं.”

“मधमाश्या काय पोळं हातात घेऊन माझी वाट बघत बसतात?”

एके दिवशी ती अशीच उशिरा परतली. ऊन कलायला लागलं होतं. चढ चढताना तिला ढोल ऐकू येत होता. ढम्, ढम्, ढम्. छान, एकसारखा. ती गुहेच्या दारात आली. पोळं हातात धरून उभी राहिली.

ढम्, ढम्, ढम्.

ठोका चुकला नाही.

 ती आत गेली आणि महाराजांच्या छातीवर पंजा ठेवला. छाती थरथरत होती, पण ढोलासारखी, वरवर. आत काही नव्हतं. तिने पोळं त्यांच्याजवळ ठेवलं, रोज ठेवायची तसं, आणि बसून राहिली.

आता तुम्ही विचाराल, मग ढोल कसा वाजत होता? अहो, ढोल उशाशी होता. ढोल वाजला की छातीवरचं कातडं थरथरे. छाती थरथरली की पेटीच्या कानाला वाटे, ठोका पडला. ठोका पडला की पेटी तोंडातून ढोलाला सांगे, वाज. ढोल वाजला की छाती थरथरे. पेटी स्वतःचंच बोलणं ऐकत होती आणि जंगलाला सांगत होती की महाराज बोलतायत. यात पेटीचा दोष नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं की हा आवाज नक्की कुणाचा.

राणीने साळिंदररावांना बोलावलं.

“साळिंदरराव, हे गेले.”

साळिंदरराव पेटीपाशी वाकले. आतली सुई बघितली. मान हलवली. महाराजांकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहायचं कारण नव्हतं, पेटी ऐकत होतीच.

“रीडिंग उत्तम आहे, राणीसाहेब. उलट सुधारलंय. आधी मधेच ठोका गळायचा, आता एकही गळत नाही.”

“म्हणूनच म्हणतेय. ह्यांचा चुकायचा.”

“तेच तर. आता चुकत नाही.”

राणी घोरपडबाईंकडे गेली. घोरपडबाई अर्जुनाच्या झाडाखाली कचेरी भरवून बसल्या होत्या.

मुलांनो, एक रीत तुम्हाला सांगायची राहिली. त्या जंगलात कुणी गेलं की एक दुपार सगळे गप्प राहत. सगळे म्हणजे सगळे, टिटवीसुद्धा. कारण जाणाऱ्याला कुणी हाक मारली तर तो मागे वळून बघतो, आणि वळून बघितलं की त्याची वाट चुकते. मग तो ना इथला ना तिथला. म्हणून एक दुपार कुणी कुणाला हाक मारायची नाही. मुंगीला सुद्धा अशी दुपार मिळे.

“मला ती दुपार पाहिजे,” राणी म्हणाली. “ढोल थांबवा.”

“महाराज असताना ढोल थांबवणं हा राजद्रोह आहे.”

“महाराज नाहीत.”

“मग ढोल कसा वाजतोय?”

“तो आपला आपणच वाजतोय. एकदा थांबवून बघा, परत वाजणार नाही.”

“म्हणजे आपण थांबवायचा, आणि तो थांबला म्हणून महाराज गेले म्हणायचं,” घोरपडबाई म्हणाल्या. “राणीसाहेब, हे तुम्ही बोललात म्हणून. दुसरं कुणी बोललं असतं तर मला दखल घ्यावी लागली असती.”

राणी परत आली.

ढम्, ढम्, ढम्. जणू दर क्षणाला कुणीतरी महाराजांना हाक मारत होतं, आणि ते बिचारे दर क्षणाला मागे वळून बघत होते.

प्रकृती सुधारल्याची दवंडी फिरली. अभिनंदनाला रांग लागली. माकडांनी केळी आणली. हरणांनी कोवळं गवत आणलं, ते अस्वलं खात नाहीत, पण रीत असते. “शंभरी गाठतील महाराज,” सगळे म्हणाले.

“मला तीच भीती वाटते,” राणी म्हणाली. सगळे हसले. राणीसाहेबांचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी होता.

गुहेत वास येऊ लागला. पण पेटीला आठ कान होते, नाक एकही नव्हतं. त्यामुळे वासाची कुठे नोंद झाली नाही. पाहुणे दारातूनच चौकशी करून जाऊ लागले, तेवढाच काय तो फरक.

समोरच्या वाळक्या सालईच्या झाडावर एक म्हातारं गिधाड येऊन बसलं. घोरपडबाईंनी त्याला हटकलं.

“इथे काय काम?”

“काय न्हाई, बाई. बसलोय आपला सहज.”

“महाराज ठणठणीत आहेत. ढोल ऐकू येत नाही का?”

“येतोय की.”

“मग?”

“मग काय, बसलोय,” गिधाड म्हणालं. “आमी अंदाजानं कुठं जात न्हाई. पर घाईबी करत न्हाई.”

सगळ्यात शेवटी ससेबाई आल्या. त्यांच्या बिळात अजून पाणीच होतं, तरी आल्या. त्या एकट्याच दारात थांबल्या नाहीत. आत आल्या. महाराजांकडे बघितलं, राणीकडे बघितलं. पिल्लांच्या मागे दिवसभर धावणाऱ्या बाईचं लक्ष आधी झोपेकडेच जाणार. निघताना एवढंच म्हणाल्या, “हा केवढा मोठा वाजतो हो. ह्यात झोप तरी कशी लागायची कुणाला?”

राणीने मान वर केली.

“काय म्हणालात?”

“झोप म्हटलं. आमची तर फांदी पडली तरी उठतात.”

दुसऱ्या दिवशी राणी पुन्हा अर्जुनाच्या झाडाखाली गेली. अंग चाटून, नीटनेटकी होऊन गेली.

“प्रधानबाई, महाराज जिवंत आहेत, हे नक्की ना?”

“निःसंशय.”

“साळिंदरराव?”

“पेटीच सांगतेय.”

“मग त्यांच्या झोपेचं बघा. इतके दिवस उशाशी ढोल वाजतोय, आणि त्यांचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. मी बायको आहे, मला दिसतं. उद्या ह्या जागरणाने त्यांचं काही बरंवाईट झालं, तर जंगल विचारेल की प्रधानबाई काय करत होत्या.”

घोरपडबाईंनी जीभ आत घेतली, बाहेर काढली. महाराज जिवंत नाहीत, असं म्हणता येत नव्हतं. जिवंत राजाला झोपेची गरज नसते, असंही म्हणता येत नव्हतं.

“ढोल थांबणार नाही,” त्या म्हणाल्या.

“थांबवा कोण म्हणतंय? लांब नेऊन वाजवा. खाली माळावर वाजवा. जंगलाला उलट जास्त ऐकू जाईल.”

“तार आखूड आहे,” साळिंदरराव म्हणाले. “लांब मागवली आहे.”

“चिंचेच्या फांदीला आहे की लांब तार.”

साळिंदरराव दचकले. “ती माकडांच्या वजनाची आहे. ती काढली तर मोजमाप मधेच तुटेल. पुढे कुणी विचारलं, या दुपारी माकडं किती वजनाची होती, तर काय सांगायचं?”

“आमचं वजन काय पळून चाललंय?” झाडावरून एक माकड म्हणालं.

“साळिंदरराव,” घोरपडबाई म्हणाल्या, “माकडांचं वजन मोठं की महाराजांची झोप?” हा प्रश्न त्यांना स्वतःलाच इतका आवडला की त्यांनी तो दोनदा विचारला.

ढोल हलवायला सगळे जमले. हलवण्यापुरता तो गप्प राहिला, पण हलवणं म्हणजे थांबवणं नव्हे, असं घोरपडबाईंनी ठरवलं. रानडुकरांनी खोड ढकलत माळावर नेलं. पेटी गुहेतच राहिली, तिचा कान महाराजांच्या छातीवरच राहिला. चिंचेची तार सोडवून आणली आणि पेटीच्या तोंडापासून पार माळावरच्या ढोलापर्यंत नेली. आता फक्त जोडायची होती. सगळं जंगल ढोलाभोवती गोल करून उभं राहिलं. राणी महाराजांपाशी बसली. साळिंदररावांनी तार जोडली.

ढोल वाजला नाही.

सगळ्यांनी वाट बघितली. मोराने मान वाकडी केली.

“कनेक्शन सैल असेल,” साळिंदरराव म्हणाले, आणि त्यांनी तार हलवली.

ढम्.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण पुढचा ठोका आला नाही. त्यांनी तार परत हलवली. ढम्. हलवायची थांबवली, ढोल थांबला.

“पेटी बिघडली,” घोरपडबाई म्हणाल्या.

साळिंदरराव धावत गुहेत आले. त्यांनी महाराजांच्या छातीवरचा कान उचलला आणि नखाने टिचकी मारली. लांब माळावरून आवाज आला, ढम्. दोन टिचक्या. ढम् ढम्. पेटी ठणठणीत होती. साळिंदरराव कान हातात धरून उभे राहिले. 

“माझ्या छातीला लावून बघा,” राणी म्हणाली.

त्यांनी लावला.

माळावर ढोल वाजू लागला. ढम्, ढम्. मग एक गळाला. मग दोन घाईघाईने. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एक, खोल. ताल धरता येत नव्हता. हरणांचं रवंथ थांबलं.  हे कुणाचं हृदय आहे, ते कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं.

“आता ह्यांच्या लावा,” राणी म्हणाली.

साळिंदररावांनी कान महाराजांच्या छातीवर ठेवला. अलगद ठेवला. आणि या वेळी त्यांनी महाराजांकडे पाहिलं.

माळावर ढोल गप्प झाला.

हरणं आधीच गप्प होती. मग रानडुकरं गप्प झाली. मग झाडावरचे रातकिडे एकेक करत थांबले, ते दुपारीही किरकिरतात. ओढा सोडला तर कशाचा आवाज नव्हता, आणि ओढ्याला रीत लागू नाही. कुणी कुणाला हाक मारली नाही. टिटवी चोच मिटून बसली, तिला किती कष्ट पडले असतील ते टिटवीलाच ठाऊक.

त्या दुपारी राणी पंजा महाराजांच्या छातीवर ठेवून बसली. मग ऊन उतरलं तशी तिने तो काढून घेतला. सालईवरचं गिधाड तिकडे बघत नव्हतं. ते पाठ करून बसलं होतं.

संध्याकाळी घोरपडबाईंनी सभा घेतली. महाराज आज दुपारी स्वर्गवासी झाले, असं जाहीर झालं. सकाळपर्यंत प्रकृती उत्तम होती, ठोके सगळ्यांनी ऐकले होते. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तार जोडली आणि महाराज गेले, हे सगळ्या जंगलाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा महाराज लांब तारेने गेले.

“बरोबर ना, राणीसाहेब?” घोरपडबाईंनी विचारलं.

“असेल,” राणी म्हणाली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. ती डोंगरामागे निघाली होती.

लांब तार पुन्हा चिंचेला बांधण्यात आली. फांदीवर त्या दुपारी माकडं किती वजनाची होती, ते मात्र कायमचं अज्ञात राहिलं. साळिंदरराव अजूनही पेटी सांभाळतात, पण कान लावायच्या आधी हल्ली ज्याला लावायचा त्याला विचारतात, ‘काय, बरं आहे ना?’ कचेरीतल्यांच्या मते ते जरा मागे पडले आहेत. ससेबाईंच्या बिळाचं काम यादीत आहे.

नवा राजा रानगवा झाला. त्याने गादीवर बसताच पहिला हुकूम काढला: ढोल राजाच्या उशाशीच ठेवावा, आणि तार वीतभरापेक्षा लांब नसावी.

त्याची प्रकृती उत्तम आहे. ठोका एकही चुकत नाही.

तात्पर्य: बाळांनो, ज्याचं ऐकायचं असेल त्याच्या उशाशी आधी आपला ढोल नेऊन ठेवावा, आणि तार आखूड ठेवावी. म्हणजे कधीच कुणी मरत नाही. फक्त घरच्या माणसांना मेलेल्यासाठी झोप मागावी लागते.